तांबड्या डगल्यातला बारगीर

मराठ्यांच्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसून लढणारा तो बारगीर. मॅसॅच्युसेट्समधल्या एका हौशी गटात मी गेल्या हिवाळ्यात दाखल झालो, तेव्हा अंगातला तांबडा डगला, पायांतले बूट, खांद्यावरची बंदूक आणि कमरेला टेकणारी काडतुसांची पेटी यांपैकी एकही वस्तू माझी नव्हती. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले त्या १७७५ साली बॉस्टनमध्ये तळ देऊन असलेल्या ब्रिटिश पायदळाच्या एका पलटणीचे रोजचे जगणे हा गट जमेल तितके जसेच्या तसे उभे करतो आणि नवख्या माणसाला पहिल्या हंगामापुरते सगळे सामान गटाच्या पेटाऱ्यातून उसने मिळते. इथे ज्याला रीएनॅक्टमेंट म्हणतात, त्या छंदातला माझा पहिला हंगाम असा बारगिराचा गेला.

पुण्याला मामांना फोनवर हे सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मामांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आहे.

“अरे, पण डगला तांबडाच का? दुसऱ्या बाजूला जागा नव्हती का?” त्यांनी शेवटी विचारले.

“मामा, घराजवळ जो गट माणसे शोधत होता तो यांचा होता,” मी म्हणालो. उत्तर खरे होते, तरी मलाही ते थोडे लंगडेच वाटले.

मग त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला तो ६ मार्च १७७५ रोजी. लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटली ती १९ एप्रिलला. आणि त्यानंतर महिन्याभरातच, १८ मे रोजी, गुजरातेत आडासच्या मैदानावर हरिपंत फडक्यांची फौज कर्नल कीटिंगच्या पलटणींशी भिडली. १७७३ च्या डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा ज्या ईस्ट इंडिया कंपनीचा होता, त्याच कंपनीशी पुढची सात वर्षे पुणे दरबाराचा झगडा चालला. यॉर्कटाउनला १७८१ साली ज्याच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली, तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला. “तेव्हा तो डगला तुला वाटतो तितका परका नाही,” असे म्हणून मामांनी परवानगी दिली. मी मागितली नव्हती, पण मिळाल्यावर बरे वाटले.

हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो असे बाहेरून वाटते. वास्तविक तो जानेवारीत सुईदोऱ्याने सुरू होतो. अठराव्या शतकात शिवणयंत्र नव्हते, त्यामुळे डगल्याची निदान डोळ्यांना दिसणारी प्रत्येक शिवण हाताने घातलेली असावी, असा आमच्याकडे दंडक आहे. मेण लावलेला लिननचा दोरा, दाट कुटलेले लोकरीचे कापड, उलटी टीप, काजटाका असे सारे प्रकरण आहे. साध्या शिपायाच्या डगल्याचा तांबडा रंग मंजिष्ठाच्या जातीच्या मुळ्यांपासून काढलेला, म्हणून विटकरीकडे झुकणारा असतो. अधिकाऱ्यांचा लालभडक रंग कोचिनियल नावाच्या किड्यापासून येतो. दुरून दोन्ही लालच दिसतात, पण जवळ उभे केले की कोण हुकूम सोडणारा आणि कोण ऐकणारा, ते कापडच सांगते.

या मंडळींत काटेकोरपणाचे एक वेडही आहे आणि त्याचा जाच नवख्याला होतोच. चुकीच्या कापडाला, प्लास्टिकच्या गुंडीला किंवा मनगटावर विसरलेल्या घड्याळाला इथे ‘फार्ब’ हा एकच तुच्छतादर्शक शब्द आहे. दुसऱ्याच्या डगल्याचे टाके मोजत हिंडणारे लोक मी सुरुवातीला मनातल्या मनात हास्यास्पद ठरवले होते. नंतर माझे मत अर्धे बदलले. बंद गळपट्टा लावला की मान आपोआप ताठ राहते आणि खाली बघता येत नाही. डाव्या-उजव्याचा भेद नसलेले, एकाच साच्यावर बेतलेले बूट घातले की चाल बदलते. छातीवरून जाणारे दोन पट्टे खांदे मागे खेचतात. शिपायाची ती ऐट जितकी कवायतीतून आली असेल, तितकीच शिंप्याच्या आणि चांभाराच्या हातातूनही आली असावी, हे तो पोशाख बरोबर बेतलेला असला तरच कळते. मात्र, हे सांगताना समोरच्याला सगळ्यांदेखत खजील करण्याची गरज नसते. एका ज्येष्ठ सभासदाने माझ्या चष्म्यावरून तसे केले आणि तो राग माझ्या मनात जूनपर्यंत टिकला.

शिवण शनिवारी असे, कवायत रविवारी. ब्रिटिश सैन्यासाठी १७६४ साली नेमून दिलेली हत्यारांची कवायत आम्ही शिकतो आणि गंमत अशी की, मॅसॅच्युसेट्सच्या बंडखोर प्रांतिक काँग्रेसने १७७४ च्या ऑक्टोबरात आपल्या लोकांसाठीही तीच कवायत पसंत केली होती. समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन्ही बाजू एकाच पुस्तकातून शिकत होत्या.

बंदूक म्हणजे ‘ब्राऊन बेस’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी ठासणीची, गारगोटीवर चालणारी बंदूक. जुन्या मराठीत हिला पथरकला म्हणत. नळीचे तोंड पाऊण इंचाचे आणि वजन साडेचार किलोच्या आसपास. पहिल्या कवायतीनंतर मी तिच्या भागांची इंग्रजी नावे मामांना वाचून दाखवू लागलो, तर त्यांनी मध्येच थांबवले. “ज्या छोट्या वाटीत थोडीशी दारू घालतोस आणि जिथून विस्तव नळीत शिरतो, तो बंदुकीचा कान. त्या कानात घालतात ती रंजक. आणि गारगोटी जबड्यात धरून झडप घालतो, तो घोडा.” तेव्हापासून मी मनातल्या मनात मराठीतच बंदूक भरतो. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, चिमूटभर रंजक कानात घालायची, झाकण मिटायचे, उरलेली दारू नळीत ओतायची. खऱ्या लढाईत यानंतर गोळी आणि कागद गजाने ठासत. आम्ही गोळी कधीच भरत नाही आणि गज तर गोळीबाराच्या वेळी जागचा काढायचाच नाही, कारण घाईत नळीत विसरलेला गज बाणासारखा सुटतो. नेम समोरच्या माणसाच्या डोक्यावरून धरायचा. घोड्यासमोरच्या पोलादी पात्यावर चामड्याचे टोपण असते, ते हुकूम होईपर्यंत निघत नाही. शिकवलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी असे म्हणतात. मला मार्चअखेरपर्यंत दोन जमले आणि गटाच्या सुरक्षा-परीक्षेत उत्तीर्ण व्हायला तेवढे पुरले.

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी इथे पेट्रियट्स डेची सुट्टी असते आणि त्या पहाटे साडेपाचच्या सुमारास लेक्सिंग्टनच्या गवताळ चौकात १७७५ ची ती चकमक पुन्हा घडते. लोक रात्री तीनपासून शिड्या, स्टुलं आणि झोपाळू मुले घेऊन दोराच्या बाहेर जागा धरतात. आम्ही मात्र रस्त्याच्या पलीकडे अंधारात उभे होतो. बोलायचे नाही, बसायचे नाही, नुसते उभे. दवाने गवत भिजले होते, बूट गारठले होते आणि लोकरीला ओल लागली की येतो तसा ओल्या मेंढीचा वास सगळ्या रांगेला येत होता. मूळचे शिपाई आदल्या रात्री दहाच्या सुमारास बॉस्टनहून होड्यांतून निघाले, केंब्रिजच्या दलदलीत गुडघाभर पाण्यात उतरले आणि शिधा येण्याची वाट पाहत मध्यरात्रीनंतर बराच वेळ तसेच ओल्या पायांनी तिष्ठत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार्ल्सटाउनला पोचेपर्यंत त्यांची चाळीसेक मैलांची पायपीट झाली होती, त्यातला परतीचा बराचसा रस्ता दुतर्फा गोळ्या झेलत. माझी पंचेचाळीस मिनिटे त्यापुढे काहीच नव्हती. तरी ‘शिपाई म्हणजे मुख्यतः वाट पाहणारा माणूस’ हे मला त्या पंचेचाळीस मिनिटांत जितके पटले, तितके वाचून कधी पटले नव्हते.

मग ढोल वाजला आणि आम्ही चौकात शिरलो. समोर लेक्सिंग्टनच्या कॅप्टन जॉन पार्करची बंडखोर गावकरी माणसे ओळ धरून उभी होती. मूळ दिवशी ती सत्त्याहत्तरच्या आसपास होती आणि कॉन्कॉर्डकडे निघालेली ब्रिटिश तुकडी एकूण सातशेच्या घरात. लेक्सिंग्टनचा गट नुसती गर्दी उभी करत नाही. तिथला प्रत्येक जण त्या दिवशीच्या एका विशिष्ट माणसाची भूमिका करतो, त्याचे वय, धंदा, नातेवाईक यांची माहिती काढतो आणि वर्षानुवर्षे तेच नाव वागवतो. जखमी झालेला प्रिन्स एस्टाब्रूक त्यांत असतो; तो गुलाम होता आणि ज्या स्वातंत्र्यासाठी तो ओळीत उभा राहिला, ते त्याच्या स्वतःच्या वाट्याला अजून आलेले नव्हते. पहिली गोळी कोणी झाडली, हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही आणि प्रयोगातही ते ठरवून टाकलेले नाही. कुठून तरी एक आवाज येतो, एवढेच. त्यानंतर आमच्या रांगेतून धडाधड बार निघाले.

माझा निघाला नाही. घोडा पडला, गारगोटी पोलादावर आपटली, ठिणगी मात्र पडलीच नाही. मराठीत ‘फुसका बार’ हा शब्द मी हजार वेळा सहज वापरला असेल. त्याचा मूळ अर्थ असा भर चौकात, तांबड्या डगल्यात, मेक्सिकोतल्या किड्याचा रंग मिरवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर भेटेल असे वाटले नव्हते. नियम असा की, अशा वेळी पुन्हा दारू भरायची नाही, नळीचे तोंड वर ठेवायचे, कॉर्पोरलला कळवायचे आणि रांगेबरोबर चालत राहायचे. तसा चालत राहिलो. धुराचा पडदा इतका दाट होता की, माझी लाज कोणालाही दिसली नसावी. धूर विरला तेव्हा माझ्यापासून चार पावलांवर एक जण पालथा पडला होता आणि त्याची टोपी माझ्या बुटाशी येऊन थांबली होती. आदल्या संध्याकाळीच त्याने मला गाडी कुठे लावायची ते फोनवर समजावून सांगितले होते. त्या टोपीला पाय लागू नये म्हणून मी पाऊल वाकडे टाकले आणि माझ्यामुळे रांग किंचित मोडली. दूर कडेला जोनाथन हॅरिंग्टन आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत सरपटत जातो आणि तिथे बायकोसमोर प्राण सोडतो, ही परंपरेने चालत आलेली कथाही दर वर्षी दाखवतात. तेवढ्या वेळात हजारो लोकांमधून एक लहान मूल रडल्याचा आवाज तेवढा आला. गावकऱ्यांची आठ माणसे गेली होती, दहा जखमी झाली होती; आमच्या बाजूला एक शिपाई जखमी. आम्ही तीनदा जयघोष केला आणि कॉन्कॉर्डच्या दिशेने निघून गेलो. तो जयघोष करताना घसा दुखला, एवढेच लिहितो.

सगळे आटोपल्यावर सार्जंटने माझी बंदूक हातात घेतली, गारगोटीच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि ती धार पितळी हातोडीने दोन ठोक्यांत नवी करून दिली. “रोज संध्याकाळी बघत जा,” एवढेच तो म्हणाला.

कॉन्कॉर्डचा नॉर्थ ब्रिज राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो आणि तिथे नियम निराळा आहे. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या कोणत्याही उद्यानात दोन फळ्यांनी एकमेकींवर गोळीबार करण्याचा, पडण्या-मरण्याचा देखावा करायला मनाई आहे. बार काढून दाखवता येतो, संचलन करता येते, लढाई मात्र नाही. जिथे माणसे खरोखर मेली, तिथे मरण्याचे सोंग करू नये, असा त्यामागचा विचार मला समजतो. अनेक सहकारी या नियमावर कुरकुरतात. मला तो आवडला, कारण आमच्या छंदातला सगळ्यांत खोटा भाग म्हणजे मरणे. दोन तास गाडी चालवून आलेल्या माणसाला पहिल्याच फैरीत पडायचे नसते; काडतुसे संपत आली की मग माणसे भराभर गतप्राण होऊ लागतात, आणि ऑगस्टमध्ये तर जवळजवळ सगळेच झाडाच्या सावलीत मरतात. उलट, पुलापाशी नुसते उभे राहून एक फैर आकाशात झाडली आणि तिचा आवाज नदीवरून परत आला, तेव्हा अंगावर काटा आला.

मे आणि जूनमधले दोन-तीन कार्यक्रम पावसाने धुऊन काढले. ओल्या हवेत रंजक चिकट होते आणि बंदूक म्हणजे मुख्यतः संगीन लावायचा लांब दांडा उरतो, यापलीकडे त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. टिकॉन्डेरोगाच्या किल्ल्यावर मात्र मी पाहुणा म्हणून एक दिवस गेलो. १७५८ च्या जुलैत मोंकाल्मच्या साडेतीन-एक हजार फ्रेंचांनी तिथे झाडे तोडून रचलेल्या अडथळ्यामागून अॅबरक्रॉम्बीच्या कितीतरी पट मोठ्या ब्रिटिश फौजेला थोपवले. तो चढ मी उन्हात, रिकाम्या हाताने चढलो आणि वर पोचून पाणी मागितले.

ऑगस्टचा मोठा तळ ओल्ड स्टरब्रिज व्हिलेजमध्ये पडतो. हे खुले संग्रहालय एरवी १८३० च्या दशकातले न्यू इंग्लंड दाखवते. त्या शनिवार-रविवारी मात्र दोन्ही बाजूंच्या राहुट्यांनी त्याची कुरणे भरून जातात. मला लढाईपेक्षा तळ आवडतो. मातीत गोल चर खणून त्याच्या कडेत चुली कोरायच्या, पाच-सहा जणांनी मिळून एका पत्र्याच्या हंड्यात शिजवायचे. शिपायाला दिवसाला साधारण पौंडभर पाव आणि पौंडभर मांस असा शिधा असे, जोडीला वाटाणे. मी मांस खात नाही, त्यामुळे माझ्या वाट्याला वाटाणे आले, आणि ते गळून एकजीव होईपर्यंत शिजले तेव्हा ते वरणाच्या इतके जवळ गेले की, फोडणीवाचून जीव कासावीस झाला. पलटणीबरोबर बायका असत, त्यांना शिधा मिळे आणि त्या कपडे धूत, शिवत, आजाऱ्यांची सेवा करत. आमच्या तळावर धुण्याचे काम करून दाखवणाऱ्या बाईंभोवती प्रेक्षकांची जितकी गर्दी होती, तितकी तोफेभोवतीही नव्हती.

प्रेक्षकांचे प्रश्न ठरलेले असतात. गरम होत नाही का? होते. ही खरी आग आहे का? आहे. आणि मला विचारला जाणारा खास प्रश्न: तुम्ही कोण, इंडियन का? इथे त्या शब्दाने मूळचे रहिवासी अभिप्रेत असतात. स्टॉकब्रिजचे मोहिकन लोक वॉशिंग्टनच्या बाजूने लढले आणि १७७८ च्या ऑगस्टअखेर किंग्जब्रिजपाशी त्यांतले बरेच मारले गेले, ही माहिती मी आता पाठ केली आहे, म्हणजे गैरसमजातून निदान काही हाती लागते. दुसऱ्या अर्थाने विचारणाऱ्यांना मी मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलमच्या विल्यम बेंटली या धर्मोपदेशकाच्या रोजनिशीचा दाखला देतो. त्याने १७९० च्या डिसेंबरात मद्रासहून आलेल्या एका माणसाला तिथे पाहिल्याची नोंद केली आहे. १७७५ च्या ब्रिटिश पलटणीत माझ्यासारखा चेहरा असल्याचा दावा मी करत नाही. गटाच्या पुढाऱ्याला मी हे पहिल्याच दिवशी विचारले होते. टाक्यांबाबत कोणालाही सोडत नसलेला तो माणूस म्हणाला, की आमच्यातल्या निम्म्या लोकांची वयेही शिपायाची नाहीत आणि पोटे तर मुळीच नाहीत.

तळावर रात्री बोलता बोलता एक गोष्ट ध्यानात आली. शेतकरी सैनिकाने स्वतःचे हत्यार घरून आणावे, असा मॅसॅच्युसेट्सचा मिलिशियाचा कायदा होता. राजाच्या शिपायाला मात्र बंदूक राजाची मिळे. म्हणजे समोरचे शिलेदार, आम्ही बारगीर. पलीकडच्या राहुट्यांत प्रत्येकाची बंदूक वेगळी दिसते, कोणाची फ्रेंच, कोणाची आजोबांच्या जुन्या लढाईतली, कोणाची पाखरे मारायची. आमच्या बंदुका एका ओळीत ठेवल्या की ओळखता येत नाहीत.

नोव्हेंबरात हंगाम संपला. उकळते पाणी नळीत ओतून काळे पाणी निघणे थांबेपर्यंत बंदूक धुतली, पुसली, तेल दिले, पट्ट्यांना पांढरी माती चोपडली आणि सगळे पेटाऱ्यात परत केले. डगल्याचे कापड बेतून माझ्या टेबलावर पडले आहे. चार काजे झाली, त्यांतली तीन उसवून पुन्हा घातली. बंदुकीचा प्रश्न अवघड होता. इटलीत बनलेली उत्तम प्रतिकृती मला परवडत नाही आणि स्वस्तातल्या बऱ्याचशा प्रतिकृती भारतात बनतात. आमच्या गटात ‘इंडियन बंदूक’ हा शब्द थोडे नाक मुरडूनच उच्चारला जातो. पुन्हा, ‘इंडिया पॅटर्न’ नावाची, कंपनीच्या फौजांसाठी काढलेली आखूड नळीची खरी बंदूक निराळीच. ती ब्रिटिश सैन्यात पुढे १७९७ साली आली, म्हणून १७७५ च्या तळावर ती दिसली तर फार्ब. हा सगळा घोळ मामांना समजावताना अर्धा तास गेला.

शेवटी भारतात बनलेलीच मागवली. काही विक्रेते ही बंदूक हत्यार ठरू नये म्हणून नळीला भोक न पाडताच पाठवतात. ते नंतर जाणत्या कारागिराकडून पाडून, नळी तपासून घ्यावी लागते.

“म्हणजे कान न टोचताच येणार,” मामा म्हणाले. “मग सोनार शोध.”

दोन तासांच्या अंतरावर एक बंदूक-कारागीर सापडला आहे. त्याने जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारची वेळ दिली आहे.